कोणत्या भाषेत विचारायचे?

वीस वर्षांपूर्वी शेजारच्या स्वमग्न मुलाच्या आईवडिलांना मी बजावले होते, 'घरातली मराठी बंद करा. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, इंग्रजी आहेच. आणखी गोंधळ नको.' मास्तरांचा शब्द म्हणून त्यांनी तो पाळला.

दोन भाषांनी अशा मुलाची वाढ खुंटत नाही, असे आज संशोधन सांगते. बौद्धिक अपंगत्वावर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आमच्या सिकंदराबादेत आहे. तिथे चौकशी करावी, एवढेही मला सुचले नाही.

मुलगा आता पंचवीस वर्षांचा आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अठरा वर्षांपुढील अशा व्यक्तीला पालक नेमता येतो. आपल्या पश्चात नांदेडच्या काकाकाकूंनी पाहावे, असे आईवडिलांनी ठरवले. निर्णय त्या व्यक्तीला विचारून घ्यावेत, असा २०१६ च्या कायद्याचा आग्रह आहे. पण काकू विचारणार मराठीतच!

हित करताना आपण मुलाची माणसे तर तोडत नाही ना, हे आधी पाहावे. परवा आईने ताटावर विचारले, 'पोळी हवी?' तो म्हणाला, 'हवी.' मी मान खाली घातली.