मुलाखत

यवतच्या एका गुऱ्हाळमालकाने धाकट्याच्या शिक्षणासाठी एक एकर रान विकलं. थोरला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून काहिलीपाशी उभा राहिला. धाकटा पाचगणीच्या वसतिगृहात गेला. एवढी फी कशापायी, असं कुणी विचारलं की नाना म्हणायचे, "साहेबापुढं पोरगं अडखळाया नको."

हिशेब चुकला नाही. पोरगं कुठेच अडखळलं नाही. पहिली नोकरी बाकावरच्या मित्राच्या मामाकडे, दुसरी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. गणित बेताचंच होतं, पण ते पुन्हा कुणी तपासलंच नाही. फीच्या पावतीवर न छापलेल्या या ओळखीच पुढे जास्त कामाला येतात. तिशीत तो पुण्यात गूळ पावडरीच्या कंपनीत मॅनेजर झाला आणि स्वतःच माणसं निवडायला बसला.

क्वालिटीच्या जागेसाठी शेवटी दोघं उरले. एक त्याच्याच शाळेचा. दुसरी यवतची, गुळव्याची लेक, दौंडला बी.एस्सी. झालेली. खासगी शाळांत पहिलीच्या प्रवेशाला 25 टक्के जागा राखीव ठेवणारा कायदा 2009 चा. तो 2010 मध्ये लागू झाला तेव्हा ही तिसरी संपवून बसली होती. अशी थोडक्यात हुकलेली पिढीच आहे एक.

प्रश्न दोघांना एकच होता : पावसाळ्यात आपल्या पावडरीचे खडे का होतात?

शाळेच्या सोबत्याने पाच मिनिटं सफाईदार इंग्रजीत पॅकिंगवर भाषण दिलं. जाड पाऊच, नवी झिप, ग्राहकाचा विश्वास. मुलीने इंग्रजीत सुरुवात केली, तिसऱ्या वाक्याला अडली आणि मराठीवर आली. "सर, पाऊच कितीबी जाड घ्या. ऊस तोडून दोन-दोन दिवस रानात पडतो. शिळ्या उसात साखर फुटते, तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, अन् ते हवेतलं पाणी ओढतं. रस काहिलीत पडतो तवाच गूळ बिघडलेला असतो. आमचे वडील ऊस बघूनच सांगतात, ह्याची ढेप टिकायची नाही."

धाकट्याला शब्दन् शब्द कळला. लहानपणी हेच त्याने थोरल्याच्या तोंडून ऐकलं होतं. शेजारी बसलेल्या, मराठी न येणाऱ्या साहेबाने भुवई उंचावली, आणि याने कागदावर 'संवादकौशल्य' या रकान्यात लिहिलं : कमकुवत.

सोबती रुजू झाला. पाऊच जाड झाले. जूनमध्ये दमट हवा सुटली आणि दुकानांतून माल परत येऊ लागला. पाकीट टेबलावर आपटलं तर टेबलाला खोक पडावी, असे खडे. चौकशी सुरू झाली तेव्हा सोबती नोकरी सोडून गेला होता. कुठे? त्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या दुसऱ्या कंपनीत.

त्याच आठवड्यात तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला होती. गावात दरसालसारखं वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरीचं रांधप चाललेलं. धाकटा घरी आला होता. पंगती उठल्यावर नानांसमोर त्याने सगळं सांगितलं, मुलीचं उत्तरही. नाना पिठल्याचं पातेलं खरवडत होते.

"तिचं बोलणं तुला कळलं व्हतं?"

"कळलं होतं."

"मग कमकुवत कोण ठरलं, म्हणतोस?"

धाकटा म्हणाला, साहेबाला मराठी येत नव्हतं. थोरला मध्येच हसला. "अरे, मग तू कशाला बसला व्हतास तिथं? सांगायचंस की त्याला इंग्रजीत. त्यासाठीच तर रान इकलं."

नाना काही बोलले नाहीत. त्यांना बहुधा त्या एकराचा भाव आठवत असावा; आता हायवेला लागून तिथे प्लॉट पडलेत.

सकाळी पालखी वरवंडच्या वाटेला लागल्यावर धाकट्याने गुळव्याच्या लेकीला फोन लावला. ती तेव्हा कुरकुंभच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत होती. पाळी संपवून तिने उलटा फोन केला. त्याने माफी मागायला सुरुवात केली. तिने पगार विचारला. त्याने जुनाच आकडा सांगितला.

"त्याच्या दीडपट घेईन," ती म्हणाली. "अन् ऊस घेताना तोडणीची तारीख लिहून घ्यायचा अधिकार माझा. कबूल असेल तर पत्र पाठवा. मुलाखत देऊन झालीय माझी."