गोळा आणि शिल्लक

जे सुख मागे काहीच ठेवीत नाही, ते घ्यावे काय? प्रश्न पुरातन आहे आणि त्याला भारदस्त उत्तरेही पुष्कळ मिळालेली आहेत. कठोपनिषदातील नचिकेताने यमाने देऊ केलेले सारे भोग नाकारले, ते याच कारणास्तव की, उद्या ते असणार नाहीत. बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांनाही हा नकार चांगला साधलेला आहे. भेद इतकाच की, नचिकेताला त्याच्या मोबदल्यात आत्मज्ञान हवे होते. आम्हांला बहुधा कोथरूडची सदनिका हवी असते.

हा विचार मनात येण्यास निमित्त झाले ते बर्फाच्या गोळ्याचे. होसकोटे हे बंगळूरच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावरचे गाव. येथील वैशाख विदर्भाइतका क्रूर नव्हे, तरी ऊन कलेपर्यंत रस्त्यावर उभे राहवत नाही. अशा वेळी गोळ्याची गाडी दिसावी. रंध्यावर बर्फाची लादी घासली जावी, कीस मुठीत दाबून काडीवर बसावा, त्यावर रंगीत पाक ओतला जावा आणि तो खालून गळू लागण्याआधी वरून ओढून घेण्याची घाई व्हावी! याच बाजूस उन्हाळ्यात नन्नारीचे सरबत मिळते. कन्नड लोक त्या मुळीला ‘सोगदे बेरू’ म्हणतात. आपल्या आजीबाईंच्या बटव्यातली ती उपळसरीच. मुंबईच्या काळ्या खट्ट्याचा उर्मटपणा तिच्यात नाही. तिचा वास पहिल्या पावसाच्या मातीच्या जवळचा आहे.

परंतु आमच्यासारखा गृहस्थ गाडीपाशी थबकतो आणि पुढे जातो. बर्फ कोणत्या पाण्याचा, ही शंका रास्तच आहे. ती विचारून घ्यावी. कचेरीतले कोणी पाहील, ही दुसरी शंका. तिच्यावर वेळ दवडण्याचे कारण नाही. खरी अडचण निराळीच आहे. मुलांनी आइस्क्रीम मागितले तर आपण त्या मानाने लवकर विरघळतो, कारण ‘निदान त्यात दूध तरी आहे’. दूध म्हटले की, सुखाला पोषणाचा दाखला मिळतो. खर्च अंगी लागला, असे वहीत मांडता येते. गोळ्यात दूध नाही. त्यात पाणी, साखर, थोडा आंबटपणा आणि गारवा. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे एकच आहे, ते म्हणजे तो हवासा वाटतो. आपल्या मध्यमवर्गीय न्यायासनापुढे एवढा पुरावा पुरत नाही.

दुधावाचून बर्फ खाण्याची कला काही एकट्या आपल्या देशाची नव्हे. तैवान बेटावर ‘बाओबिंग’ म्हणून किसलेला बर्फ खातात. त्यावर शिजवून गोड केलेल्या लाल शेंगदाण्या… नव्हे, लाल चवळीच्या जातीच्या डाळी, अळूच्या कांद्याचे मऊ तुकडे, फळे आणि काळसर गुळाचा पाक घालतात. तेथलाच ‘आयू’ नावाचा पदार्थ तर आमच्या प्रश्नाचे मूर्तिमंत रूप आहे. अंजिराच्या कुळातल्या एका वेलीच्या फळाचे बी कापडात बांधून गार पाण्यात चोळले की, विस्तवावाचून पाणी थिजते. लिंबाच्या रसाबरोबर ते बर्फ घालून खातात. मात्र फार वेळ ठेवले की, ते पुन्हा पाणी सोडू लागते. मुरांबा घालणाऱ्या आणि पापड वाळवणाऱ्या आपल्या संस्कृतीला ही वस्तू बेजबाबदार वाटली, तर नवल नाही.

आता पदार्थविज्ञानाला साक्षीस बोलावू. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरविण्यासाठी एक कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. एक ग्रॅम बर्फ मात्र केवळ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. अर्थात, जिभेला मिळणारा गारवा हा मुख्यतः बर्फाच्या वितळण्याचाच. ज्याला आपण गोळ्याचा दोष समजतो, की तो टिकत नाही, तेच त्याचे देणे आहे. न वितळणारा बर्फ हवा असेल, तर गारगोटी चोखावी.

तथापि माणसाने बर्फही साठवून पाहिला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ साली ‘टस्कनी’ जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभर टनांच्या आसपास उरला, आणि तेवढ्यावरही धंदा उभा राहिला. मद्रासच्या समुद्रकाठी त्यासाठी बांधलेले बर्फघर आज विवेकानंदांच्या नावाने उभे आहे. १८९७ साली स्वामीजी तेथे उतरले होते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्याचा बर्फ कापला जात असताना काठावर थोरो राहत होता. आपल्या तळ्याचे पाणी हिंदुस्थानातल्या लोकांच्या ओठी लागणार, या कल्पनेने तो हरखला होता. आणि सकाळी तो स्वतः गीता वाचीत असे! साठ्याचा तिटकारा असलेल्या त्या माणसाला बर्फाच्या ढिगापेक्षा त्याचे दूरवर वितळणे अधिक आवडले, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

साठवण्याची सवय आम्हां नोकरदारांना कायद्यानेच लावली आहे. केंद्र सरकारच्या सेवेत अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे होतात. पण त्याच सरकारने वर्षाला ८ दिवसांची नैमित्तिक रजाही दिली आहे, आणि ती ३१ डिसेंबरला विरून जाते. रजेचा हा दुसरा प्रकार ज्याने निर्मिला, त्या अज्ञात अधिकाऱ्याला माणसाची थोडी पारख असली पाहिजे. आम्ही मात्र संबंध आयुष्याची अर्जित रजा करू पाहतो. होसकोट्याचे तळे पाहायचे ते पुढल्या वर्षी, कन्नड शिकायचे ते बदली रद्द झाली नाही तर, आणि सुख भोगायचे ते गावी परतल्यावर.

याच गावाने एक निराळा मराठी माणूस पाहिला आहे. १६३८ नंतर विजापूरकरांनी शहाजीराजांना दिलेल्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर, कोलार यांच्याबरोबर होसकोटेही होते. तेही एका अर्थी नेमणुकीवरच आलेले. परंतु बंगळुरास त्यांनी जो दरबार भरवला, त्यात अनेक भाषांचे कवी होते. जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्याचे वर्णन आहे. १६६४ साली ते निवर्तले, तेही कर्नाटकातच, होदिगेरे येथे. मुक्काम तात्पुरता आहे म्हणून त्यांनी दरबार पुढे ढकलला नाही.

आमच्या विरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. आज आपल्यापैकी अनेकांना जे घर आहे, जे शिक्षण मिळाले, ते कोणा आजोबांनी परमुलखात असलेच गोळे नाकारले म्हणून. त्यांच्या त्या नकारात प्रेम होते. त्यास कंजूषपणा म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आम्ही ते म्हणत नाही. आम्हांला एवढेच दिसते की, त्यांना कशासाठी नाकारतो हे ठाऊक होते आणि गरज भागल्यावरही आम्ही नाकारीतच आहो. शिवाय या व्यवहारात आणखी एक पक्ष असतो, त्याला कोणी विचारीत नाही. होसकोट्यात वाढणाऱ्या मुलाला आई समजावते, ‘मे महिन्यात दादरला उतरलो की घेऊ हं, तिथला छान असतो.’ मूल ऐकते. मग दादरला गाडीवाला काला खट्टा, ऑरेंज, गुलाब अशी नावे घडाघडा म्हणून दाखवतो, आणि ते मूल आईचा पदर ओढून विचारते की, यात सोगदे बेरू कोणता.