सक्ती कोणावर?

दिवाळी सरली की शिरूर आणि दौंड तालुक्यांतले रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. न्हावऱ्याकडे घोडगंगा, पाटसला भीमा, आणि त्यांच्या भोवती पुढच्या काळात उभे राहिलेले खासगी कारखाने. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. बीड आणि मराठवाड्यातल्या इतर दुष्काळी भागांतून आलेल्या टोळ्या पहाटेच्या अंधारात तोडीला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजायचा, उचल आधीच घेतलेली, ती हंगामभर फेडायची. आई-बाप फडात गेले की कोपीजवळ उरते ती आठ-दहा वर्षांची मुलगी. कडेवर भाऊ, समोर पाण्याची घागर.

जूनमध्ये या मुलीचं नाव तिच्या गावच्या पटावर होतं. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल, गाळपाचा हंगाम साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण बुडालं. ही गैरहजेरी कोणाच्या नावावर मांडायची? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर गेल्या एकशे चाळीस वर्षांत पार बदललं आहे. त्या बदलाचा माग ‘सक्ती’ या एका शब्दातून काढता येतो.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकार शेतकऱ्याकडून सारा घेतं आणि वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करतं, हा त्यातला आरोप सगळ्यांच्या लक्षात राहिला. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणीही त्यातच आहे. पण मला त्यातली तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शेतकऱ्याचं पोर शाळेत का येत नाही, याचं कारण फुल्यांनी नेमकं सांगितलं: गरिबी, गुरं राखायला आणि शेतात हाताखाली लागणारी मुलं. म्हणून त्यांनी अशा मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं मागितली. सक्ती हवी, पण घरातले राबते हात काढून घेताना त्यांची भरपाईही हवी, हे त्यांना शेतातून दिसत होतं.

पुढच्या पिढीने यातली सक्ती उचलली, भरपाई मात्र बाजूला राहिली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून दाखवलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला तिथे महिना एक रुपया दंड होता. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा, १९४७ मध्येही पालकावर हजेरीचा आदेश आणि दंडाची तरतूद आली. त्या काळात ही पावलं फार धाडसाची होती आणि त्यांनी लाखो मुलं शाळेत आणली. पण सक्ती म्हणजे पालकावर, हा अर्थ तिथे पक्का झाला. मूल आलं नाही तर चूक बापाची.

याच काळात दौंड तालुक्यात, पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला, वेगळंच काही घडत होतं. पंडिता रमाबाईंनीही १८८२ मध्ये त्याच आयोगापुढे साक्ष दिली होती आणि मुलींसाठी शिक्षिका तयार करा, स्त्री-डॉक्टर घडवा, असा आग्रह धरला होता. अमेरिकेत त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ, उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या आणि तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल हे सगळं त्या एका आवारात होतं.

रमाबाईंचं ख्रिस्ती होणं आणि त्यावरून पेटलेला वाद यांमुळे महाराष्ट्राने त्यांच्या या कामाचा शैक्षणिक अर्थ कधी नीट लावलाच नाही. मला तो अर्थ असा दिसतो. दंड करायला इथे पालकच उरले नव्हते. मूल आलं नाही म्हणून बोट दाखवायला कुणी नाही म्हटल्यावर शाळा स्वतः उठून मुलांना शोधायला निघाली. आधी जेवण, अंथरूण, अंगावर कपडा, मग पाटी. मुलाला शाळेपर्यंत आणण्याची जबाबदारी शाळेची, हा विचार कायद्यात यायच्या शंभर वर्षं आधी दौंड तालुक्याच्या जमिनीवर प्रत्यक्षात आला होता.

कायद्यात तो यायला वेळ लागला. चौदा वर्षांपर्यंत सर्वांना दहा वर्षांत शिक्षण, असं राज्यघटनेने १९५० मध्ये म्हटलं, तेही मार्गदर्शक तत्त्व म्हणून. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू झाला. त्याचं आठवं कलम प्रत्येक शिक्षकाने आणि सरपंचाने एकदा वाचावं. सक्तीचं शिक्षण म्हणजे शासनावरची बंधनकारक जबाबदारी, अशी व्याख्या तिथे आहे. प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं, तिन्हींची हमी शासनाने द्यायची. शब्द तोच राहिला, रोख उलटला. पालकाच्या कर्तव्याचं कलमही कायद्यात आहे, पण त्याला दंड जोडलेला नाही.

आपल्या बोलण्यात मात्र हा बदल अजून उतरलेला नाही. गावात विचारलं तर आजही ऐकू येतं, ‘त्यांना शिकवायचंच नाही, आपण काय करणार?’

साखरशाळांचं उदाहरण घ्या. हक्काचा कायदा येण्याआधी कारखान्यांच्या परिसरात तोडणी मजुरांच्या मुलांसाठी या शाळा भरत. त्या अपुऱ्या होत्या, तात्पुरत्या होत्या, पण कोपीपासून चालत जाता येईल इतक्या जवळ होत्या. कायदा आल्यावर प्रत्येक मूल नियमित शाळेत हवं, या योग्य भूमिकेतून त्या मागे पडल्या. मुलांनी गावीच थांबावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, गावोगाव फिरणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळालं. पण मोठ्या मुलीला गावी ठेवलं तर फडात धाकट्याला सांभाळायचं कोणी? हा प्रश्न फुल्यांनी १८८२ मध्ये पाहिलेल्या गुरं राखणाऱ्या पोराचाच आहे, आणि आजही त्याचं उत्तर वसतिगृहाच्या खाटेत सापडत नाही. फडाजवळ पाळणाघर असेल तरच ती मुलगी मोकळी होईल.

शिवाय नियमित शाळा जवळ असते असं नाही. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, उसात बिबट्याचा वावर आहे. दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या वाटेने सहा वर्षांच्या पोराला एकटं कोण पाठवेल? दौंडच्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं, रांजणगाव आणि सणसवाडीच्या कंपन्यांमुळे चाळींत राहायला आलेले कामगार, वीटभट्ट्या, यांची मुलं वर्गात आली तरी मास्तरांची मराठी त्यांना परकी. अशा वर्गात शिक्षकाला दोन भाषांत काम करावं लागतं, आणि त्यासाठीचं प्रशिक्षण त्याला क्वचितच मिळालेलं असतं.

याच शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीने दुसरी बाजू दाखवली. शिक्रापूरजवळची ही जिल्हा परिषदेची छोटी शाळा. तेव्हाचे मुख्याध्यापक दत्तात्रय वारे आणि गावकरी एकत्र आले आणि बघता बघता तिथे प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली. तिथली ‘विषयमित्र’ पद्धत, म्हणजे ज्याला एखादा विषय आला त्याने सोबत्याला शिकवायचं, ही माझ्या मते तिथल्या काचेच्या वर्गखोल्यांपेक्षा मोठी गोष्ट आहे. सरकारी शाळा उत्तम होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. पण प्रतीक्षा यादीत नाव घालायला पत्ता लागतो, पुढल्या जूनपर्यंत तिथेच राहण्याची खात्री लागते. कोपीतल्या मुलीकडे यातलं काही नाही. वाबळेवाडी आणि कोपी एकाच तालुक्यात आहेत, आणि एका तालुक्याची शाळा चांगली की वाईट हे मी कोपीपासून मोजेन.

म्हणून शिरूर-दौंडच्या वाचकांना एक विनंती. येत्या हंगामात टोळी उतरली की आठवड्याभरात कोपीवर जा, मुलं मोजा, आणि त्यांना जवळच्या शाळेत घेऊन जा. स्थलांतरित मुलांना प्रवेश मिळवून देणं हे कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आधीची शाळा सोडल्याचा दाखला नसला तरी अडवता येत नाही.