अब्बांच्या नावाने

दुसऱ्याच्या वतीने ‘मी ठीक आहे’ असे सांगणे हे खोटे बोलणे ठरते का? गेले चार महिने हा प्रश्न माझ्यापुढे आहे, आणि तो मी स्वतःच ओढवून घेतलेला आहे.

माझे अब्बा १९६७ साली कोकणातून बोटीने मुंबईला गेले आणि जोगेश्वरीच्या टेकडीवरच्या इस्माईल युसुफ कॉलेजात दाखल झाले. १९३० मध्ये सुरू झालेले हे सरकारी कॉलेज. अब्बा तिथून १९७१ मध्ये बी.ए. झाले. त्या वर्षाच्या मुलांपैकी जे हयात आहेत ते येत्या डिसेंबरात मुंबईत भेटणार आहेत. सगळे पंचाहत्तरीच्या आसपासचे. भेटीआधी एकमेकांना शोधणे, खुशाली विचारणे सुरू झाले. कोणीतरी नातवाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढून घेतला.

हा शोध किती अवघड होता ते अब्बांची जुनी डायरी पाहिली की कळते. एकेका नावापुढे तीन-तीन पत्ते खोडलेले. कोणी कुवेतला गेला आणि १९९० मध्ये इराकी फौजा शिरल्यावर एका बॅगेनिशी परतला. कोणी १९९३ च्या दंगलीनंतर जोगेश्वरी सोडून मुंब्र्याला गेला. २००२ मध्ये मुंबईचे फोन नंबर आठ आकडी झाले, तेव्हा अब्बांनी प्रत्येक नंबराच्या आधी लाल पेनाने २ लिहिला होता. एकही नंबर सोडला नव्हता.

तेच अब्बा आता विसरतात. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. आई गेल्यापासून ते माझ्याकडे असतात. फोन त्यांचा, पण असतो माझ्या हातात. ग्रुपवर पहिला सलाम आला तेव्हा मी शाळेतून येऊन वह्या तपासत होते, अब्बा झोपले होते. मी लिहून टाकले, ‘व अलैकुम अस्सलाम. खैरियत आहे.’ दुसऱ्या दिवशीही लिहिले. मग सवयच झाली. आमच्या अब्बांची कोणी कीव करू नये, एवढाच हेतू. त्यांच्या मित्रांच्या थट्टेलाही मी उत्तरे देऊ लागले. काही थट्टा लेकीने वाचाव्यात अशा नव्हत्या.

मनाची समजूत घालायला आधारही शोधला. दोघांत समेट व्हावा म्हणून चांगले बोलणारा खोटारडा नव्हे, अशी हदीस आहे. पण इथे भांडणच नव्हते, तर समेट कोणाचा? स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा एक बाई म्हणाल्या, “एवढे काय त्यात? साहेबांची पत्रे क्लार्क लिहितोच ना?” लिहितो, पण साहेब वाचून सही करतात.

मग एका रात्री मुंब्र्याच्या चाचांनी ग्रुप सोडून एकट्या अब्बांना लांबलचक मेसेज लिहिला. घरातली गोष्ट होती. काय ती मी इथे लिहिणार नाही. शेवटी होते, ‘तुलाच सांगतोय.’

मी ते वाचून बसले होते. वाचलेले न वाचलेले कसे करणार?

तोवर मला वाटत होते की माझे खोटे अब्बांच्या तब्येतीबद्दल आहे, आणि त्यात कोणाचे काही जात नाही. त्या रात्री कळले की जात होते. माणूस म्हातारपणी फार थोड्यांपाशी मन मोकळे करतो. चाचांनी पंचावन्न वर्षांच्या भरवशावर ते केले, आणि त्यांची अमानत पडली भलत्याच हातात. अब्बांची अब्रू राखायच्या नादात त्यांच्या मित्राचा हक मी मारला होता.

मला हजरत अब्दुल्ला बिन उमर यांची हकीकत आठवली. मक्केच्या वाटेवर त्यांना एक बदू भेटला. त्यांनी स्वतःचे गाढव त्याला बसायला दिले, डोक्याचा साफाही काढून दिला. सोबत्याला नवल वाटले. असा माणूस थोडक्यातही खूश झाला असता. ते म्हणाले, याचा बाप माझ्या वडिलांचा मित्र होता, आणि बापाला जे प्रिय होते त्यांच्याशी मुलाने नाते राखणे ही मोठी नेकी आहे, असे मी पैगंबरांकडून ऐकले आहे. हदीसमध्ये मुलाचा उल्लेख आहे, पण लेकीला सूट दिल्याचे काही माझ्या वाचनात नाही. यात एक गोष्ट मला उशिरा दिसली. इब्न उमर यांनी स्वतः वडील असल्याचा आव आणला नाही. त्यांनी आपल्या हाताने आपले दिले. मी मात्र अब्बांच्या खिशातून खर्च करत होते.

सकाळी चाचांना फोन केला. “चाचा, इतके दिवस उत्तरे मी देत होते. अब्बांना आता काही समजत नाही.” बराच वेळ ते बोलले नाहीत. मग एवढेच विचारले, “पहिल्यापासून?” मी हो म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवस ग्रुपवर त्यांचा सलाम नव्हता. माझी बाजू त्यांनी समजून घ्यावी, असे म्हणायला मला तोंड नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. “बेटा, डिसेंबरात त्याला घेऊन ये. आमच्यातही एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला दिसत नाही.” रागाचे काही बोलले नाहीत. राग गेला असेल असे मात्र मी धरून चाललेले नाही.

न्यायचे तर कसे? अब्बांना मित्र आठवतात, पण ते विशीतले. फोनवरचा थकलेला आवाज ऐकून ते मलाच विचारतात, “हे म्हातारे कोण?” म्हणून मी रोज मगरिबनंतर डायरीतली नावे हजेरीसारखी वाचून दाखवते. मास्तरणीला दुसरे काय सुचणार! परवा कुवेतवाल्या चाचांचे नाव आले आणि अब्बा उठून बसले. “त्याचे पंधरा रुपये द्यायचेत. मेसचे.”

मी लगेच चाचांना फोन लावला. ते म्हणाले, “कसले पैसे? त्याने तेव्हाच फेडले.” फार पटकन म्हणाले. मला ते खरे वाटले नाही. पंधरा रुपये एका पाकिटात घालून वर चाचांचे नाव लिहून ठेवले आहे. अब्बा ते दिवसातून दोनदा मागून घेतात, मोजतात आणि परत माझ्याकडे देतात.