सही कोणाची?

आमच्या मावशी आता आम्हांला ओळखीत नाहीत. जपमाळेचे मणी मात्र त्यांच्या बोटांतून अचूक सरकतात. उद्या एखादा संशोधक दारी आला आणि त्यांच्या रक्ताचा नमुना मागू लागला, तर आम्ही त्यांच्या वतीने सही करावी काय?

हा प्रश्न दूरचा नव्हे. जनावरांच्या सरकारी प्रक्षेत्रामुळे ओळखल्या जाणाऱ्या ताथवड्यात आज जैवतंत्रज्ञानाची संस्था उभी आहे. पेशींचा अभ्यास करणारी मुले आमच्याच बसमधून प्रवास करतात.

मेंदूच्या दाहाचा अभ्यास म्हणजे पहारेकऱ्यांचा अभ्यास. पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ साली 'मायक्रोग्लिया' असे नाव दिलेल्या पेशी मेंदूतील कचरा उचलतात, जंतू गिळतात. अल्झायमरच्या विकारात अमायलॉइडच्या साठ्यांभोवती त्या जमतात व सफाई करू लागतात. परंतु दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला, की शेजारच्या निरोगी मज्जापेशींनाही त्याची झळ पोहोचते. ते जाणून घ्यायचे तर रुग्णाचे रक्त, पाठीच्या कण्यातील द्रव आणि मृत्यूनंतर मेंदूही लागतो. बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५ साली मेंदूपेढी स्थापन झाली ती अशाच अभ्यासासाठी.

फ्रँकफर्टची ऑगुस्ट डेटर १९०६ साली वारली आणि अलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला. हयातीतच तिला स्वतःचे नाव धड लिहिता येत नव्हते. तिची संमती कोण विचारणार?

आज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे अशा रुग्णासाठी कायदेशीर प्रतिनिधीची संमती मागतात. ठीक. पण औषधोपचारासाठी सही करताना आपण मावशींचे हित पाहतो. संशोधनाचा लाभ कदाचित त्यांच्या नातवंडांच्या पिढीला मिळेल. दुसऱ्याच्या वतीने उदार होणे फार सोपे असते!

कॅथोलिक शिकवण मृत्यूनंतरचे अवयवदान पुण्यप्रद मानते, परंतु ते स्वेच्छेचे असावे अशी तिची अट आहे. आम्ही अडतो ते त्या स्वेच्छेपाशीच. मावशी शुद्धीत असताना शेजारच्या आजारी बाईला पेज नेऊन देत. त्यावरून रक्ताच्या चार थेंबांना त्या नकार देत्या ना, असे आम्हांस वाटते. तरीही सुई पाहून त्यांनी हात मागे घेतला, तर कागदावरील आमच्या सहीपेक्षा तो हात आम्ही मोठा मानू. मेंदूविषयी मात्र त्यांच्या वतीने बोलण्यास आमची जीभ रेटत नाही.

स्वतःपुरते आम्ही मुलांना सांगून ठेवले आहे. मुले ऐकून गप्प बसली. धाकटीने ताटे उचलली.