उपोषण आणि मतपरिवर्तन : येरवडा, १९३२

दुसऱ्याचे मत बदलण्यासाठी स्वतःचा देह पणाला लावणे हे तप की जबरदस्ती, हा प्रश्न गांधीयुगाच्या बराच आधीचा आहे. पूर्वी धनको ऋणकोच्या दारात उपाशी धरणे धरून बसे. तो मेला तर पाप घरमालकाच्या माथी, अशी समजूत होती. दैवी कोपाचे भय घालणारे असे धरणे १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलम ५०८ खाली गुन्हा ठरवले.

२० सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा कारागृहात गांधीजींनी प्राणांतिक उपोषण आरंभले, ते सरकारी धोरणाविरुद्ध. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. गांधीजींच्या मते हा धर्माचा प्रश्न होता, कारण त्याने हिंदू समाज कायमचा दुभंगेल. डॉ. आंबेडकरांच्या मते तो सत्तेचा होता : सवर्णांच्या मतांवर निवडून येणारा माणूस अस्पृश्यांचे गाऱ्हाणे मांडेल कशाला?

उपोषण प्रेम करणाऱ्याविरुद्धच करावे, आणि तेही हक्क उकळण्यासाठी नव्हे, असे गांधीजींनीच पूर्वी म्हटले होते. या कसोटीला येरवड्याचे उपोषण पुरते उतरत नाही. पत्रे लंडनला गेली, पण भार पडला आंबेडकरांवर. गांधीजी दगावले असते तर सूड गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांवर उगवला गेला असता, ही भीती निराधार नव्हती. ज्याच्याकडे नकार देण्याची मोकळीकच नाही, त्याच्या होकाराला मतपरिवर्तन म्हणणे कठीण.

२४ सप्टेंबरला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक कायदेमंडळांत राखीव जागा मात्र १४८ झाल्या, निवाड्यातल्यापेक्षा सुमारे दुप्पट. म्हणजे आंबेडकरांनी घासाघीस सोडली नव्हती. त्यांनी १९४५ च्या ग्रंथात या उपोषणावर कठोर टीका केली.

सवर्णांच्या मनावर मात्र उपोषणाचा परिणाम खरा होता. त्या आठवड्यात देशभर कित्येक मंदिरे आणि विहिरी अस्पृश्यांना खुल्या झाल्या. पण एका माणसाच्या मरणाच्या धास्तीने बदललेले मत धास्ती सरल्यावर किती टिकते, हेही लवकरच दिसले. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० पासून चालू होता. करारानंतरही ते दार उघडले नाही, आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले.