गुण कुणाचे?



दहावीचा निकाल लागला की पेढे घेऊन आईवडील येतात. “फादर, पोराने नाव काढलं!” आम्हांलाही आनंद होतो. पण मनात प्रश्न येतो : अकरावीच्या प्रवेशात मुलाचे कष्ट किती आणि शाळेचा हात किती?

२०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा व समाजशास्त्रातले शाळेच्या हातचे २० गुण बंद झाले, अभ्यासक्रमही बदलला आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. मुले काही एका वर्षात आळशी झाली नव्हती! पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला.

प्रवेशाचेही तसेच. २०२५ च्या नियमांत संस्थेच्या स्वतःच्या शाळेतील मुलांसाठी १० टक्के जागा होत्या. अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत त्या समाजासाठी ५० टक्के. आपल्या मुलांनाही या सवलतींचा लाभ मिळतो. त्यात गैर काही नाही. मात्र जे दार दुसऱ्याने उघडले, ते आपण स्वतः उघडले असे म्हणू नये.

मग मुलाचे कष्ट खोटे काय? मुळीच नाही. आत गेल्यावर अभ्यास त्यालाच करायचा आहे. पण आश्रमशाळेतून ७० टक्के मिळवणारी मुलगी कदाचित त्याच्याहून मोठी चढण चढून आलेली असते. तिला ‘कमी हुशार’ म्हणणे हा अन्याय आहे.

यंदा पेढे वाटताना मुलाला एवढेच विचारू या : तुझ्यासाठी दार कुणी उघडले? आणि आता तू कुणासाठी उघडशील?